ओळखणारे कान जाण्याआधी

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये २००५ च्या जानेवारीत ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या जुन्या टेप डिजिटल करण्याचे काम चालू होते. त्यातल्या काही खोक्यांवर ‘कार्नेगी हॉल जॅझ १९५७’ एवढीच नोंद होती. एका ठिकाणी कोणीतरी हाताने ‘टी. मंक’ असे खरडले होते. हे काम पाहणाऱ्या लॅरी ॲपलबॉम यांनी टेप यंत्रावर चढवली, आणि थेलोनियस मंक यांच्या पियानोबरोबर जॉन कोल्ट्रेन यांचा टेनर सॅक्सोफोन वाजू लागला. ही जोडी १९५७ च्या उत्तरार्धात जेमतेम काही महिने न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ कॅफेत एकत्र वाजवत होती. ज्यांनी ती प्रत्यक्ष ऐकली ते पुढे आयुष्यभर तिच्याविषयी बोलत राहिले, पण मुद्रित पुरावा अगदी थोडा होता. २९ नोव्हेंबर १९५७ च्या मैफलीचे हे स्वच्छ मुद्रण ४७ वर्षे सरकारी फडताळात पडून होते. २००५ मध्येच ‘ब्लू नोट’ या कंपनीने ते प्रसिद्ध केले आणि जॅझच्या इतिहासातले एक रिकामे पान भरले.

ही टेप चोरीला गेली नव्हती, जळाली नव्हती, हरवलीही नव्हती. ती होती तिथेच होती. तिला ओळखणारा माणूस तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता, इतकेच. ॲपलबॉम हे ग्रंथालयातले तज्ज्ञ होतेच, पण वॉशिंग्टनच्या डब्ल्यूपीएफडब्ल्यू या रेडिओ केंद्रावर ते जॅझचा कार्यक्रमही करत. एका सुरावरून वादक ओळखायचा, एका ठोक्यावरून वर्ष ताडायचे, ही सवय त्यांच्या कानाला तिथे लागली होती. त्यांच्या जागी केवळ यंत्र चालवणारा कोणी असता तर ती टेप डिजिटल झाली असती, तिला एक क्रमांक मिळाला असता आणि ती पुन्हा झोपी गेली असती.

आज आम्हाला धोक्याची घंटा वाजवावीशी वाटते ती यासाठी. जुन्या जॅझच्या टेप आणि तबकड्या झिजत आहेत हे खरे. पण त्या ओळखणारी पिढी आणि त्या पिढीला घडवणारा रेडिओ, ही दोन्ही त्यांच्याबरोबरच, एकाच दशकात संपत चालली आहेत. वस्तू आणि जाणकार एकदम गेले की मागे उरते ते नाव नसलेले खोके.

अमेरिकेतली परिस्थिती आधी पाहू. जॅझ ही तिथली कला आणि तिला आयुष्य दिले ते तिथल्या छोट्या, ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या सार्वजनिक रेडिओ केंद्रांनी. न्यूअर्कचे डब्ल्यूबीजीओ १९७९ पासून जॅझ वाजवत आले आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधी मंजूर केलेला सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी परत घेतला आणि तो वाटणाऱ्या ‘कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग’ने गाशा गुंडाळला. त्याआधी मार्चमध्ये ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या बहुतेक कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले होते. ज्या संस्थेने मंक-कोल्ट्रेन मैफल मुद्रित करून ठेवली, तीच ही संस्था. विलिस कॉनोवर यांनी १९५५ पासून चाळीस वर्षे जगाला जॅझ ऐकवला तो याच केंद्रावरून. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाचे ‘टेक द ए ट्रेन’ वाजले की मॉस्कोपासून मुंबईपर्यंतचे शौकीन शॉर्टवेव्हचा काटा स्थिर करत. कॉनोवर मुद्दाम सावकाश, सोपे इंग्रजी बोलत, कारण ऐकणाऱ्यांपैकी लाखो लोकांची ती भाषा नव्हती. कायद्याने या केंद्राला देशांतर्गत प्रसारणाची मुभा नसल्यामुळे खुद्द अमेरिकेत त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. १९९६ मध्ये ते गेले.

रेडिओवरच्या या मंडळींचे काम नेमके काय होते, हे सांगायला हवे, कारण ‘गाणी लावणे’ एवढीच त्याची कल्पना आता उरली आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर केंद्रावर फिल शाप यांनी १९८१ पासून २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत चार्ली पार्कर यांच्या संगीतावर ‘बर्ड फ्लाइट’ हा कार्यक्रम केला. एका माणसाच्या वादनावर चाळीस वर्षे! तीन मिनिटांची तबकडी लावायची आणि तिच्यावर त्याहून कितीतरी अधिक वेळ बोलायचे, ही त्यांची रीत. ड्रमवर कोण होते, त्या दिवशी ट्रम्पेटवाला का बदलला, हा पहिला टेक की चौथा. अनेकांना ते कंटाळवाणे वाटे. आम्हाला वाटते, विसाव्या शतकातल्या संगीताच्या इतिहासलेखनाचा तो एक मोठा भाग होता आणि तो हवेतच लिहिला गेला. बीबीसीवर डिसेंबर १९६४ मध्ये सुरू झालेला ‘जॅझ रेकॉर्ड रिक्वेस्ट्स’ श्रोत्यांच्या फर्माइशींवर अजून चालतो. पत्र लिहिणारा श्रोता अनेकदा निवेदकाइतकाच जाणकार असतो.

जॅझचे शौकीन एकत्र बसले की तबकडीवरच्या मॅट्रिक्स क्रमांकावर तासन्‌तास बोलतात. मधल्या लेबलच्या कडेला, खोबणी संपते तिथे, कोरलेला तो क्रमांक. त्यावरून मुद्रणाचा दिवस कळतो, टेक कळतो. ख्यालात एकच बंदिश दोन मैफलींत दोन रूपांनी उभी राहते तसे जॅझमध्ये एकाच धुनेचे दोन टेक दोन वेगळ्या कृती असतात, म्हणून हा आग्रह. चार्ल्स डेलोने यांनी १९३६ मध्ये पॅरिसहून ‘हॉट डिस्कोग्राफी’ काढली आणि कोणत्या तबकडीवर कोण वाजवते याची शिस्तशीर यादी जगापुढे ठेवली. विद्यापीठे तेव्हा जॅझकडे ढुंकूनही पाहत नव्हती, आणि तबकड्या विकणाऱ्या कंपन्यांना साथीदारांची नावे छापण्याची गरज वाटत नव्हती. हे शास्त्र ऐकणाऱ्यांनी उभे केले.

आणि कित्येकदा मुद्रणही ऐकणाऱ्यांनीच केले. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. काही मोठ्या कंपन्यांबाबत तो १९४४ च्या अखेरपर्यंत चालला. नेमक्या याच काळात हार्लेममधल्या क्लबांत चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि मंक ‘बीबॉप’ हे नवे संगीत घडवत होते. अर्ल हाइन्स यांच्या १९४३ च्या वाद्यवृंदात पार्कर आणि गिलेस्पी दोघेही होते. त्या वाद्यवृंदाची एकही व्यावसायिक तबकडी निघाली नाही. बीबॉपच्या जन्माआधीचे थोडे जे कानावर पडते, ते जेरी न्यूमन या कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यामुळे. १९४१ मध्ये तो तबकडी कोरणारे आपले यंत्र घेऊन ‘मिंटन्स प्लेहाउस’मध्ये जाऊन बसे. चार्ली ख्रिश्चन यांची तिथली गिटार त्यामुळे वाचली. पुढच्याच वर्षी, पंचविसाव्या वर्षी, क्षयाने ते गेले.

बिल सॅव्हरी यांची गोष्ट याहून विलक्षण. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये ध्वनितंत्रज्ञ म्हणून काम करताना हे गृहस्थ रेडिओवरून थेट प्रक्षेपित होणारा जॅझ मोठ्या ॲल्युमिनियमच्या आणि लॅकरचा लेप दिलेल्या तबकड्यांवर उतरवून घेत. बाजारातली तबकडी तीन मिनिटांत संपे. यांच्या तबकड्यांवर वादक मोकळेपणाने फुललेले आहेत. काउंट बेसींच्या वाद्यवृंदात लेस्टर यंग, बेनी गुडमन, बिली हॉलिडे, आणि ‘बॉडी अँड सोल’चा विस्तार करणारे कोलमन हॉकिन्स. सॅव्हरींनी हा खजिना जवळजवळ कोणालाच ऐकवला नाही. २००४ मध्ये ते वारले. हार्लेमच्या नॅशनल जॅझ म्युझियमचे लॉरेन शोएनबर्ग वर्षानुवर्षे पाठपुरावा करत होते. २०१० मध्ये सॅव्हरींच्या मुलाकडून तो संग्रह मिळाला. शेकडो तबकड्या. काहींवर बुरशी, काहींचा लेप तडकून निघालेला, काही कायमच्या गेलेल्या. दहा वर्षे आधी मिळाल्या असत्या तर किती वाचल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही.

या तबकड्यांचे शरीरच नाशवंत आहे. धातूच्या किंवा काचेच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजचा लेप, लेप मऊ राहावा म्हणून त्यात एरंडेल तेल. काळ लोटला की तेल पाझरते, पांढरी भुकटी बाहेर येते, लेप आक्रसतो आणि एके दिवशी पापुद्रे सुटतात. तेव्हा त्यातला आवाज परत आणणे अतिशय अवघड होऊन बसते. त्यामानाने ७८ फेऱ्यांची नेहमीची तबकडी कणखर. ती आपल्याच लाखेची बनत असे, छोटा नागपूरच्या पळस-कुसुमावरच्या लाखेची. लुई आर्मस्ट्राँग यांचे सूर या मातीतल्या किड्यांनी दिलेल्या राळेवर उमटलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात आशियातून होणारा पुरवठा धोक्यात आला तेव्हा अमेरिकेत तबकड्यांसाठीच्या लाखेवर कडक निर्बंध आले आणि जुन्या तबकड्या गोळा करून, दळून नव्या बनवण्यात आल्या. १९२० च्या दशकातला किती जॅझ त्या चक्कीत गेला, कोण जाणे.

चुंबकीय टेपचे दुखणे वेगळे. ॲसिटेटची टेप सडू लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास मारते. १९७० च्या दशकातल्या अनेक टेपमधला चिकट थर हवेतला दमटपणा शोषतो आणि टेप यंत्रातच चिकटते. टेप शाबूत असली तरी ती वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात फारसे उरलेले नाहीत. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्येच इशारा दिला होता, की २०२५ च्या सुमारास ही यंत्रे दुर्मीळ होतील आणि त्यानंतर मोठ्या प्रमाणावर टेप उतरवून घेणे जवळजवळ अशक्य होईल. ती तारीख उलटून गेली आहे.

कंपन्या जपतील या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तिथे डेका, चेस, इम्पल्ससारख्या लेबलांच्या मूळ टेप होत्या, आणि कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांत सुमारे ५ लाख गाण्यांच्या मूळ प्रती गेल्याचा अंदाज होता, हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बाहेर काढले ते २०१९ मध्ये. कंपनीने तो आकडा अतिशयोक्त ठरवला. तो कमी धरला तरी, आपला सांस्कृतिक वारसा जळल्याचे जगाला ११ वर्षांनी आणि तेही वर्तमानपत्रातून कळावे, ही गोष्ट तशीच उरते.

हे सगळे अमेरिकेचे. आपला काय संबंध, असे विचारले जाईल. संबंध आहे, आणि तो मुंबई-गोव्याच्या घराघरांतला आहे.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर वाजवलेले. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने त्यांचा अंत झाला. क्रिकेट स्मिथ यांच्या ‘सिम्फोनियन्स’नी १९३६ मध्ये मुंबईत ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉट मुद्रित केला. नरेश फर्नांडिस यांच्या मुंबईच्या जॅझवरील पुस्तकाचे नाव त्यावरूनच आलेले आहे. या पाहुण्यांच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी गिरवून आलेले तरुण. धोबी तलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहायचे, मिळेल त्या बँडमध्ये वाजवायचे. अंतोनियो झेवियर वाझ त्यांच्यातले. मुंबई त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखे. मिकी कोरिया यांनी ताजमध्ये दोन दशके बँड चालवला. फ्रँक फर्नांड, क्रिस पेरी, पुढे ब्राझ गोन्साल्विस. पारशी कावसजी खटाव सॅक्सोफोन हाती घेऊन ‘रुडी कॉटन’ झाले.

दारूबंदीनंतर हॉटेलांतली नाचगाण्यांची मिळकत आटली आणि यांच्यातले अनेक जण चित्रपटांच्या स्टुडिओकडे वळले. १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतात. संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर, नायक-दिग्दर्शक भगवानदादा पालव. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्या वाद्ययोजनेशिवाय त्या काळचे हिंदी चित्रसंगीत कल्पिता येत नाही. मराठी माणूस ज्या गाण्यांवर वाढला त्यांच्या आत मुंबईचा जॅझ वाजतो आहे. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक मुंबईत आले तेव्हा सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर त्यांनी वाजवले. १९६३ मध्ये एलिंग्टन आले, १९६४ मध्ये खुद्द आर्मस्ट्राँग. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांनी ‘जॅझ यात्रा’ सुरू केली.

यातले चित्रपटांत गेलेले वाचले, कारण चित्रपट वाचले. पण त्या वादकांचे स्वतःचे वादन? ताजच्या नृत्यकक्षातले, चर्चगेटच्या ‘गेलॉर्ड’, ‘बॉम्बेलीज’, ‘व्हेनिस’मधले? त्याच्या तबकड्या मोजक्याच निघाल्या. जे उरले असेल ते आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाच्या टेपांत, एखाद्या हौशी श्रोत्याने स्पूल रेकॉर्डरवर उतरवलेल्या रात्रीत, वांद्रे, कलिना, दाबूळ, माझगाव, म्हापसा, मडगावच्या पोटमाळ्यांवर. आणि आज हे पोटमाळे पुनर्विकासात रिकामे होत आहेत. आजोबा जातात, मुले कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात, इमारत पडायची तारीख ठरलेली. तबकड्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याकडे जातो. त्यातली एखादी तबकडी चोर बाजारात पोहोचते, आणि लेबल सुंदर असेल तर कोणाच्या कॅफेच्या भिंतीवर घड्याळ होऊन लागते.

पाणी हा दुसरा शत्रू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाचच आठवड्यांनी कतरिना वादळाने जॅझची जन्मभूमी न्यू ऑर्लिन्स बुडवली. क्लॅरिनेटवादक मायकल व्हाइट यांच्या घरातली जुनी वाद्ये, हजारो ध्वनिमुद्रिका, ज्येष्ठ वादकांच्या मुलाखती पाण्यात गेल्या. तिथे काय गेले याची निदान नोंद झाली. आपल्याकडे तळमजल्यांवरून काय वाहून गेले, हे कोणी विचारलेही नाही.

भास्करबुवा बखले यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही, ही हळहळ मराठी रसिकाला शंभर वर्षे सोडत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या बडी बोल्डन यांच्याविषयी जॅझवाल्यांची हळहळ अगदी तीच. त्यांचे कॉर्नेट ज्यांनी ऐकले त्यांचे शब्द आहेत, सूर नाहीत. पण बखले आणि बोल्डन यांचे मुद्रण आपल्यापर्यंत पोहोचलेच नाही. मुद्रित झालेले आपल्या हयातीत, आपल्या डोळ्यांदेखत, निव्वळ आळसाने नष्ट होऊ देणे याला हळहळ म्हणता येणार नाही. तो गुन्हा आहे.

सगळे काही यूट्यूबवर आणि स्ट्रीमिंगवर असते, हा गैरसमज या आळसाला आधार देतो. तिथे असते ते कोणीतरी आधी कष्टाने उतरवलेले. न उतरवलेले तिथे नाही. आणि जे आहे त्यावर मुख्य कलाकाराचे नाव, एक चित्र, बस्स. सोबत कोण होते, कुठे, कोणत्या दिवशी, हे बहुधा नसतेच. गोव्याच्या वादकांच्या वाट्याला हा निनावीपणा चित्रपटसंगीतात एकदा येऊन गेला आहे. तो पुन्हा त्यांच्या माथी मारू नये. नाट्यसंगीताच्या, लावणीच्या तबकड्या वाचवणे जमत नाही तिथे जॅझचे काय घेऊन बसलात, असेही काही जण म्हणतील. त्यांना आमचे उत्तर असे, की फडताळ एकच, दमट हवा एकच आणि यंत्रही एकच. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने हौशी माणसांच्या बळावर केवढे काम उभे राहते हे दाखवून दिले आहे. एकासाठी उभी केलेली यंत्रणा दुसऱ्याच्याही कामी येते.

कायदा तर आपल्या बाजूने आहे. अमेरिकेत १९२३ ते १९४६ मधल्या तबकडीवर १०० वर्षांचा हक्क आहे, त्यापुढच्या दहा वर्षांच्या तबकड्यांवर ११० वर्षांचा, आणि १९५७ पासूनची, १९७२ च्या फेब्रुवारीपर्यंतची ध्वनिमुद्रणे २०६७ शिवाय मोकळी होत नाहीत. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. चिक चॉकलेट, रुडी कॉटन यांच्या ऐन काळात प्रकाशित झालेल्या तबकड्या आज उतरवायला, साफ करायला, ऐकवायला ध्वनिमुद्रणाच्या हक्काची आडकाठी नाही. जी मोकळीक मिळवण्यासाठी अमेरिकेतले संग्राहक झगडत आहेत, ती आपल्याला आहे, आणि आपण ती वापरत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. आकाशवाणीने मुंबई आणि पणजी केंद्रांवरच्या पाश्चात्त्य संगीताच्या टेपांची यादी करून ती जाहीर करावी. आधी यादी, डिजिटल करणे त्यानंतर. आणि यादी करायला त्या काळचे हयात वादक व श्रोते मानधन देऊन बोलवावेत, कारण आवाज ओळखणारे तेच आहेत आणि त्यांतले बहुतेक ऐंशीच्या पुढे आहेत. आठवड्यातला एक तास या संगीताला द्यावा, जाणत्या निवेदकाचा, श्रोत्यांशी बोलणारा. मुंबई विद्यापीठ, एनसीपीए, गोव्याची कला अकादमी यांनी टेप व तबकड्या उतरवण्याची एक सार्वजनिक सोय उभारावी, जिथे घरचा गठ्ठा घेऊन कोणीही जाऊ शकेल. महाराष्ट्र आणि गोवा सरकारांनी तिला पैसा द्यावा. पुतळ्यांच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

वाचकांनाही आमचे कळकळीचे सांगणे आहे. घरात, आजोळी, शेजारच्या आंटीकडे ७८ च्या तबकड्या किंवा स्पूल असतील तर त्या या पावसाळ्याआधी माळ्यावरून खाली काढा. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. त्या स्पिरिटने किंवा अल्कोहोलने पुसू नका. लाख त्यात विरघळते. आंबट वास येणारी टेप बाकीच्यांपासून वेगळी करा आणि ती घरी वाजवून पाहण्याचा मोह टाळा. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे आणि कोरलेल्या क्रमांकांचे फोटो काढून ठेवा. आणि घरातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाने हे संगीत वाजवले किंवा ऐकले, त्यांना या रविवारी शेजारी बसवून विचारा, की कोण वाजवत होते, कुठे, कोणाबरोबर. ते जे सांगतील ते तारखेसह लिहून घ्या.